ब्रिटिश सिटकॉमचे ख्रिसमस स्पेशल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे गोष्टींचे शेवट फोडले आहेत का?

हो, सर्रास. यातले बरेच भाग वीस ते पन्नास वर्षं जुने आहेत आणि शेवट बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना कोऱ्या मनाने बघायचं आहे त्यांनी सरळ शेवटच्या प्रश्नावर उडी मारावी. तिथे फोडाफोड त्यातल्या त्यात कमी आहे.

ख्रिसमस स्पेशल म्हणजे नाताळात लागलेला नेहमीचाच भाग ना?

नाही, आणि हा फरक कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. अमेरिकन सिटकॉमचा, म्हणजे ठरावीक पात्रांच्या विनोदी मालिकेचा, हंगाम वीस-बावीस भागांचा. तो सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो आणि डिसेंबरात चालूच असतो, मग त्यातल्या एका भागात झाड सजवलं की झालं काम. ब्रिटिश सिटकॉमची एक ‘सीरिज’ साधारण सहा भागांची असते आणि ती बहुतेक वेळा एक किंवा दोनच माणसं मिळून लिहितात. दीड महिन्यात खेळ खलास. डिसेंबर उजाडतो तेव्हा ती मालिका चालू असेलच असं नाही. कधी कधी ती बंद पडून वर्षं लोटलेली असतात. त्यामुळे नाताळचा भाग मुद्दाम मागवावा लागतो, वेगळा लिहावा लागतो, त्याला पैसे आणि वेळही वेगळा मिळतो.

सिटकॉमचा मूळ नियम ‘जैसे थे’चा. अर्ध्या तासात कितीही गोंधळ होवो, शेवटी सगळे त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर आणि त्याच कर्जात परत आले पाहिजेत. वर्षातला एकच दिवस असा, की त्या दिवशी लेखकाला हा नियम मोडायची मुभा असते. लग्नं, बाळंतपणं, ताटातुटी, श्रीमंती हे सगळं नाताळात होतं ते यामुळे.

पण पंचवीस डिसेंबरसाठीच एवढा आटापिटा का?

त्या दिवशी ब्रिटनमध्ये घराबाहेर जाऊन करण्यासारखं काही उरत नाही. रेल्वे बंद, लंडनची भुयारी रेल्वे बंद, मोठी दुकानं बंद. दुपारी टर्कीचं जड जेवण झालेलं असतं, घरात आजी-आजोबा, आत्या, जावई, शेंडेफळं असे सगळे कोंबलेले असतात आणि तोपर्यंत एकमेकांशी बोलण्याजोगं बोलून संपलेलं असतं. १९८२ च्या नोव्हेंबरात चॅनल फोर आलं. त्याआधी निवडायला बीबीसीची दोन चॅनेल आणि आयटीव्ही एवढंच होतं. दिवाणखान्यात टीव्ही एक. सात वर्षांच्या नातवाला आणि सत्तरीच्या आजीला एकाच वेळी हसवील असं काहीतरी लावायचं म्हटलं, की घोडं सिटकॉमपाशीच येऊन थांबायचं.

या सगळ्याची पोथी म्हणजे ‘रेडिओ टाइम्स’ या कार्यक्रमांचं वेळापत्रक देणाऱ्या साप्ताहिकाचा नाताळचा जोडअंक. लोक तो आणून पेनाने कार्यक्रमांभोवती गोल करत बसायचे. अजूनही काही घरांत बसतात. १९८८ च्या नाताळ अंकाच्या १ कोटी १२ लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९१ पर्यंत त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम असत आणि आयटीव्हीसाठी ‘टीव्ही टाइम्स’ वेगळा घ्यावा लागे, म्हणून अनेक घरांत दोन्ही यायचे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून सणाला जाडजूड अंकाची चटक लागलेल्या आपल्यासारख्यांना हे वेड समजावून सांगायला नको.

ही प्रथा कधी सुरू झाली?

आधी छोटे तुकडे असत. १९५८ पासून १९७२ पर्यंत बीबीसी ‘ख्रिसमस नाइट विथ द स्टार्स’ नावाचा कार्यक्रम करायची. त्यात गाजत असलेल्या मालिकांची मंडळी येऊन काही मिनिटांचा नवा प्रवेश करून जात. सणाच्या ताटातली डावी बाजू म्हणा. ‘डॅड्स आर्मी’सारख्या मालिकांनी तिथे हजेऱ्या लावल्या. सत्तरच्या दशकात हळूहळू मालिकांना स्वतःचं पूर्ण ताट मिळू लागलं. ‘पॉरिज’ ही तुरुंगात घडणारी मालिका. तिचे १९७५ आणि १९७६ च्या २४ डिसेंबरला आलेले दोन भाग या काळातले उत्तम नमुने आहेत. तुरुंगात नाताळ साजरा करणाऱ्या माणसाला निदान पाहुण्यांची कटकट नसते.

हे भाग दीड-दीड तासांचे का असतात?

सगळे नसतात. लांबीची हाव ऐंशीच्या दशकात सुटली. ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ ही यॉर्कशरमधल्या तीन रिकामटेकड्या म्हाताऱ्यांची मालिका १९७३ ते २०१० अशी चालली आणि तिचे २९५ भाग झाले. तिचा ‘गेटिंग सॅम होम’ हा चित्रपटाएवढा लांब भाग २७ डिसेंबर १९८३ ला आला. मरणपंथाला लागलेल्या मित्राला त्याच्या मैत्रिणीकडे एक रात्र घालवायची असते. तो तिथेच मरतो आणि त्याला गुपचूप बायकोच्या घरी पोहोचवायची जबाबदारी या तिघांवर येते. नाताळाशी काडीचा संबंध नाही, पण गोष्ट लांबीला पुरून उरते.

१९८५ च्या नाताळला ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’चा ‘टू हल अँड बॅक’ आला. तोही नव्वद मिनिटांचा, फिल्मवर चित्रित केलेला. त्याच दिवशी आयटीव्हीने ‘माइंडर’चा लांबलचक भाग समोर उभा केला होता. म्हणजे लांबी ही बऱ्याच अंशी दोन चॅनेलांमधली मिशीवर ताव मारायची स्पर्धा होती. माझं मत विचाराल तर अर्ध्या तासासाठी बांधलेली गोष्ट नव्वद मिनिटं ताणली की दहापैकी सहा वेळा ती पातळ होते.

‘ओन्ली फूल्स’चं एवढं काय कौतुक?

दक्षिण लंडनमधलं पेकम. नेल्सन मंडेला हाउस नावाच्या सरकारी इमारतीतला फ्लॅट. त्यात डेल आणि रॉडनी हे दोघे भाऊ, आणि आधी आजोबा, ते गेल्यावर आजोबांचे भाऊ अल्बर्ट. तीन चाकांची पिवळी व्हॅन घेऊन हे चोरबाजारातला माल विकतात. ‘पुढच्या वर्षी या वेळी आपण लखपती असू’ हे डेलचं पालुपद, रकमेचं भाषांतर मी सोयीने केलं आहे. लेखक जॉन सलिव्हन. मालिका सप्टेंबर १९८१ मध्ये सुरू झाली. १९९१ नंतर नियमित सीरिज थांबली आणि ती केवळ नाताळच्या भागांवर जगली. स्पेशलच मुख्य आणि मालिका त्याची पूर्वपीठिका, अशी उलटी परिस्थिती झाली.

२ कोटी ४३ लाख प्रेक्षक हा आकडा खरा आहे की सांगोवांगी?

खरा आहे. ‘ओन्ली फूल्स’चा २९ डिसेंबर १९९६ चा भाग, ‘टाइम ऑन अवर हँड्स’. देशाची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी ८० लाखांच्या आसपास होती, म्हणजे दर पाच माणसांतली दोन. ब्रिटिश सिटकॉमच्या एका भागाला इतके प्रेक्षक कधीच मिळाले नाहीत. त्या वर्षी २५, २७ आणि २९ तारखेला तीन भाग मिळून एक गोष्ट दाखवली होती. पहिल्या भागात फॅन्सी ड्रेसच्या पार्टीला निघालेले दोघे बॅटमॅन आणि रॉबिन बनून धुक्यातून धावत येतात. ब्रिटिश विनोदाच्या कोणत्याही आठवणींच्या कार्यक्रमात हा तुकडा असतोच.

पण खरी करामत तिसऱ्या भागात आहे. डेलच्या गॅरेजमधल्या भंगारात एक जुनं घड्याळ पडलेलं असतं. ते निघतं अठराव्या शतकातल्या जॉन हॅरिसनने बनवलेलं, म्हणजे समुद्रावर रेखांश मोजायचा प्रश्न ज्याने सोडवला त्याचं. लिलावात त्याचे ६२ लाख पौंड येतात. पंधरा वर्षं जे कधीच होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, ते होतं. आणि मग सलिव्हन काय करतो? श्रीमंत झालेल्या डेलला रिकाम्या फ्लॅटमध्ये परत आणून उभं करतो. आता धडपडायला काही उरलंच नाही, याची रुखरुख त्याच्या तोंडावर दिसते. इतकी हसरी मालिका इतक्या उदास खोलीत येऊन थांबते, आणि ती नाताळच्या आठवड्यात थांबते हे मला फार आवडतं.

आकडे रात्रीतून बदलतात कसे? ‘गॅव्हिन अँड स्टेसी’चे वेगवेगळे आकडे वाचले.

मोजण्याची पद्धत बदलली. आता त्या रात्री पाहणारे वेगळे मोजतात आणि पुढच्या सात दिवसांत सवडीने पाहणारे त्यात मिळवतात. २०१९ च्या नाताळच्या भागाला त्या रात्री १ कोटी १६ लाख आणि आठवड्याअखेर १ कोटी ७१ लाख प्रेक्षक होते. २५ डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या भागाला त्या रात्री १ कोटी २३ लाख. १९९६ शी थेट तुलना करू नका. तेव्हा चुकलं तर चुकलं, फार तर कोणीतरी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलेलं असायचं.

‘गॅव्हिन अँड स्टेसी’ची गंमत निराळी आहे. एसेक्समधला मुलगा, वेल्समधल्या बॅरीची मुलगी, आणि दोन्हीकडचं गोतावळ्याचं बिऱ्हाड. २०१० मध्ये मालिका संपली. नऊ वर्षांनी एका रात्रीपुरती परत आली आणि शेवटच्या क्षणी नेसाने गुडघ्यावर बसून स्मिथीला लग्नाची मागणी घातली. उत्तर? पाच वर्षांनी, पुढच्या भागात. एवढा वेळ तर आपल्याकडे पत्रिका जुळवायलाही लागत नाही.

नाताळच्या भागात नाताळ असतोच का?

मुळीच नाही. ‘ओन्ली फूल्स’चा १९८९ चा ‘द जॉली बॉइज आउटिंग’ बघा. पबमधले सगळे बाप्ये बस करून मार्गेटच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला जातात. ऐन उन्हाळा, आइसक्रीम, जत्रेतले पाळणे. डेलने विकलेल्या भंगार रेडिओमुळे बसचा स्फोट होतो. २५ डिसेंबरला बाहेर चार वाजताच अंधार पडलेला असताना हे उन्ह दाखवण्यात एक वेगळीच चैन होती.

मग नाताळावरचा सगळ्यात चांगला भाग कोणता?

माझं मत: ‘द गुड लाइफ’चा १९७७ चा भाग, ‘सिली, बट इट्स फन’. टॉम आणि बार्बरा नोकरी सोडून लंडनच्या उपनगरात परसात शेती करतात. शेजारी मार्गो आणि जेरी, सुखवस्तू. मार्गोचा नाताळ दुकानातून व्हॅनने येतो. झाड मागवल्यापेक्षा थोडं बुटकं निघालं म्हणून ती ते परत पाठवते आणि त्याबरोबर सगळाच नाताळ परत जातो. मग नाइलाजाने शेजाऱ्यांकडे, वर्तमानपत्राच्या टोप्या घालून, घरची दारू पीत, पोरकट खेळ खेळत संध्याकाळ काढावी लागते. मार्गो हळूहळू सैल होते आणि आपण मजेत आहोत हे तिला स्वतःलाच कळून धक्का बसतो. पाहुणे नाहीत, परदेशवारी नाही. चार माणसं आणि एक खोली.

त्याच्या खालोखाल ‘द रॉइल फॅमिली’. मँचेस्टरमधलं एक घर, सोफा, टीव्ही, बस्स. १९९९ च्या नाताळात डेनिसला बाथरूममध्ये कळा सुरू होतात. ती घाबरलेली असते आणि एरवी ढेरी सावरत सगळ्यांना शिव्या घालणारा बाप तिच्याजवळ जमिनीवर बसून तिला धीर देतो. दोन मिनिटं विनोद थांबतो. कॅरोलाइन अहर्न ही या मालिकेची सहलेखिका आणि डेनिसही तीच.

परदेशात चित्रित केलेले स्पेशल कसे आहेत?

बहुतेक फसलेले. १९९१ चा ‘मायॅमी ट्वाइस’ पाहून मला नेहमी वाटतं की डेलचा विनोद पेकमच्या पावसात भिजलेला असतो, फ्लोरिडाच्या उन्हात तो वाळतो. कोंडलेली माणसं हे सिटकॉमचं भांडवल. त्यांना मोकळ्या हवेत सोडलं की ती नुसती पर्यटक होतात.

मागचं हसणं खोटं असतं का?

जुन्या मालिकांत सहसा नाही. स्टुडिओत तीनशेच्या घरात माणसं बसवून त्यांच्यासमोर प्रयोग केल्यासारखं चित्रीकरण व्हायचं आणि ते हसणं त्यांचं असायचं. बाहेरची दृश्यं आधी चित्रित करून याच प्रेक्षकांना पडद्यावर दाखवत.

हसणं काढून टाकलं की काय होतं याचा धडा ‘ओन्ली फूल्स’च्याच १९८६ च्या ‘अ रॉयल फ्लश’मध्ये आहे. रॉडनी एका ड्यूकच्या मुलीच्या प्रेमात पडतो. त्या घरच्या जेवणावळीत दारू चढलेला डेल सगळ्याची वाट लावतो. हसण्याच्या आवाजाशिवाय तो प्रसंग मजेदार राहिला नाही, क्रूर वाटला. पुढे डीव्हीडी काढताना तो भाग कापून आखूड केला आणि त्यात हसणं घातलं. संवाद तेच, पण डेल एकदम माफ करण्याजोगा झाला.

मालिका नाताळातच का संपवतात?

सुरुवातीला सांगितलेली मुभा त्याला कारण. ‘स्टेप्टो अँड सन’ १९६२ पासून एकाच पेचावर उभी होती: भंगारवाल्या म्हाताऱ्या बापाला सोडून मुलाला निघून जायचं आहे आणि ते त्याला जमत नाही. १९७४ च्या डिसेंबरातल्या अखेरच्या भागात दोघं सुट्टीला निघतात. ऐनवेळी मुलाच्या पासपोर्टची मुदत संपल्याचं निघतं आणि बाप एकटाच पुढे जातो. मुलगा कोपऱ्यावर वळतो, तर तिथे गाडीत एक बाई त्याची वाट बघत बसलेली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचा डाव साधला.

‘द ऑफिस’चे शेवटचे दोन भाग २००३ च्या २६ आणि २७ डिसेंबरला आले. ऑफिसातल्या टिमवर जीव असूनही दुसऱ्याशी साखरपुडा करून बसलेली डॉन टॅक्सीत टिमची भेटवस्तू उघडते. आत रंगपेटी, आणि सोबत ‘हार मानू नकोस’ अशा अर्थाचा एक कागद. ‘येस मिनिस्टर’चा जिम हॅकर मंत्र्याचा पंतप्रधान होतो तोही १७ डिसेंबर १९८४ च्या तासाभराच्या भागात. त्याला खुर्ची मिळवून देतं ब्रिटिश सॉसेजचं नाव बदलायला निघालेल्या युरोपविरुद्धचं शूर भाषण, ज्यातलं संकट बरंचसं त्यानेच रंगवलेलं असतं. याच मालिकेवरून २००१ मध्ये स्टार प्लसवर फारूख शेख यांचा ‘जी मंत्रीजी’ आला होता. सॉसेजच्या जागी कोणताही पदार्थ घाला, आपल्याकडे गोष्ट चालते.

‘फॉल्टी टॉवर्स’चा ख्रिसमस स्पेशल कुठे मिळेल?

कुठेच नाही. एकूण बारा भाग, १९७५ चे सहा आणि १९७९ चे सहा.

कागदी मुकुट, क्रॅकर, स्प्राउट्स... यांचे विनोद कळत नाहीत.

क्रॅकर म्हणजे फटाका नव्हे. पुठ्ठ्याची रंगीत गुंडाळी असते, दोघांनी दोन टोकांनी ओढली की टप्प आवाज होतो. आत कागदी मुकुट, फुटकळ खेळणं आणि एक अतिशय वाईट विनोद. तो मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांनी कण्हायचं. लंडनचा मिठाईवाला टॉम स्मिथ याने १८४० च्या दशकात हे काढलं. स्प्राउट्स म्हणजे मोठ्या गोटीएवढे कोबी. ते सगळे वाढतात आणि फार थोडे आवडीने खातात, म्हणून ‘द व्हिकर ऑफ डिबली’च्या १९९६ च्या भागात पाद्रीणबाई कोणालाच नाही म्हणता येत नाही म्हणून एकामागून एक घरी जेवत सुटते आणि वर स्प्राउट्स खायच्या पैजेत उतरते, तेव्हा तिकडचा प्रेक्षक आधीच पोट धरून बसलेला असतो. आग्रहाच्या पंगतीत बसलेल्याला हा भाग कळायला तळटीप लागत नाही. मिन्स पायमध्ये खिमा नसतो, मनुका-बेदाण्यांचं गोड सारण असतं. दुपारी तीनला राजा किंवा राणीचं भाषण. बॉक्सिंग डे म्हणजे २६ डिसेंबर, मुष्टियुद्धाशी संबंध नाही.

‘मिसेस ब्राउन्स बॉइज’ दरवर्षी का? कोणाला आवडतं?

समीक्षकांना अजिबात नाही. पण २०१३ च्या नाताळच्या दिवशी सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम तोच होता. ब्रेंडन ओ’कॅरल स्त्रीवेषात डब्लिनमधली आई होतो, कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, मध्येच सहकलाकारांना हसवून चुकवतो. नाताळात ब्रिटिश थिएटरांत पँटोमाइम नावाची विनोदी नाटकं होतात (मूकाभिनय नव्हे), त्यातही पुरुषाने म्हातारी बाई रंगवायची रीत आहे. हे त्याच जातीचं आहे. मला दहा मिनिटांपलीकडे झेपत नाही.

पहिल्यांदाच बघतो आहे. कुठून सुरू करू?

‘द गुड लाइफ’चा वर सांगितलेला भाग, मालिका न पाहताही कळतो. मग ‘ब्लॅकॅडर्स ख्रिसमस कॅरल’ (१९८८): डिकन्सच्या गोष्टीत कंजूष माणूस भुताच्या भेटीने दयाळू होतो, इथे लंडनमधला सगळ्यात दयाळू माणूस त्याच भुतामुळे नीच होतो. तोही स्वतंत्र बघता येतो. हलकंफुलकं हवं असेल तर ‘फादर टेड’चा १९९६ चा भाग, ज्यात पाद्र्यांचा एक घोळका दुकानातल्या बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या विभागात वाट चुकतो. मुलांबरोबर बघायचं तर पहिला लावा आणि बाकीचे रात्री.

‘द ऑफिस’ आणि ‘रॉइल फॅमिली’ मात्र स्पेशलपासून सुरू करू नका. आधीचे भाग बघितले नसतील तर त्या रंगपेटीचं वजन कळणार नाही. ‘ओन्ली फूल्स’चे निदान दहा-बारा जुने भाग पोटात घालून मग १९९६ ची तिन्ही सलग बघा. त्यानंतर २००१ मध्ये बीबीसीने मंडळी परत आणली आणि पहिल्याच भागात शेअरबाजारात त्यांचा सगळा पैसा बुडवून त्यांना पेकमला धाडलं. तो भाग लावू नका. डेल, रॉडनी आणि अल्बर्ट सूर्यास्ताकडे चालत जातात तिथेच टीव्ही बंद करा.